जागा बरोबर होती

खरवंडीकर सरांना त्या दुखण्यातून काय काय मिळालं ते आधी सांगतो. गेलं काय, ते सांगायला माणसं पुष्कळ असतात.

पहिल्याच दिवशी त्यांना भरलेला वर्ग मिळाला. सकाळचं लेक्चर होतं, विषय पॉन्स. मी फळ्याशेजारी तक्ता टांगत होतो. मी शिंत्रे, ॲनाटॉमी विभागाचा आर्टिस्ट. सरकारी मेडिकल कॉलेजात तेव्हा अशी एक जागा असे. तक्ते रंगवायचे, म्युझियममधल्या बरण्यांवर चिठ्ठ्या लिहायच्या, परीक्षा आली की हाडांवर नंबर टाकायचे. कोल्हापुरात निसर्गदृश्यं काढायला शिकलो आणि नोकरीभर आतडी रंगवली. डॉक्टर मंडळी माझ्यासमोर मोकळेपणी बोलत, कारण तक्त्यासमोर कुणी आवाज खाली आणत नाही.

"पॉन्स म्हणजे लॅटिनमध्ये पूल," सर सांगत होते. "मेंदूच्या देठाचा मधला फुगीर भाग. दोन बोटांत मावेल एवढा. पण मेंदूकडून हातापायांना जाणारा प्रत्येक हुकूम या पुलावरून जातो, आणि चार नसा इथून निघतात. पाचवी गालाच्या संवेदनेची, सहावी डोळा बाहेर वळवणारी, सातवी चेहरा हलवणारी, आठवी कानाची."

मागची बाकं रिकामी होती. जे आले होते त्यांतले अर्धे वहीवर मान टाकून होते. सर डावीकडच्या बाकांकडे बघून थांबले. डावीकडे मुली बसत.

"आज मुलींची हजेरी बरी दिसते."

"चौघीच आहेत सर," कुणीतरी म्हणालं.

"मला आठ दिसतायत."

हशा झाला. सर हसले नाहीत. त्यांनी एक डोळा हातानं झाकला, मग दुसरा, मग दोन्ही उघडे ठेवले. उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे. मग खाली उतरून पहिल्या बाकाशी गेले.

"काय नाव तुझं?"

"रेवती कानडे."

"रेवती, माझ्या डोळ्यांकडे बघ. मी डावीकडे नजर वळवतो. कुठला डोळा मागं राहतो?"

तिनं बराच वेळ बघितलं. "डावा, सर. मधोमध येऊन थांबतोय."

"कुठली नस?"

"सहावी?"

"प्रश्नचिन्ह काढ."

"सहावी."

"शाबास. बस." सर फळ्याकडे परत गेले. "आज प्रात्यक्षिकाची सोय झाली आपोआप. लिहून घ्या."

वहीवरच्या माना केव्हाच वर आल्या होत्या. दुपारपर्यंत होस्टेलभर बातमी झाली आणि पुढच्या लेक्चरला बाकं पुरली नाहीत. खिडकीत पोरं. सरांनी दारातूनच तो वर्ग पाहिला आणि कोटाची कॉलर सारखी केली. इतक्या वर्षांत कॉलर सारखी करताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

या आनंदाला कारण होतं. डॉक्टरांच्या जातीत ॲनाटॉमीवाला सगळ्यांत खालचा. त्याच्याकडे पेशंट येत नाही, आला तर मेलेला येतो. सर्जन लोक त्यांना तोंडावर 'मुडद्यांचे डॉक्टर' म्हणत. त्यात खरवंडीकर सरांची प्रोफेसरची जागा सबनीस मॅडमकडे गेलेली. त्यांना मेंदूच्या देठाचं वेड होतं, आणि ते वेड ऐकायला कुणी नव्हतं. आता देवानं त्यांना एक पेशंट दिला होता, आणि तो पळून जाण्यासारखा नव्हता.

पुढं चेहऱ्याची डावी बाजू लोंबली. डावा डोळा मिटेना, सारखा गळे. मग उजव्या हातातून खडू सुटायला लागला. दर वेळी सरांनी ते आधी वर्गात दाखवलं आणि मग घरी सांगितलं. आधी वर्गात, मग घरी. हा क्रम मी तेव्हाच टिपला होता.

सीटी स्कॅन त्या काळी पुण्याला जाऊन काढावा लागे. पाकीट घेऊन आले ते थेट विभागात. सोबत डॉक्टर रशीद बागवान. मेडिसिनचे. दोघं एका होस्टेलात वाढलेले, त्यामुळे एकमेकांचा मान राखण्याची त्यांना सवय नव्हती.

"फिल्म बघू नकोस," सर म्हणाले. जीभ जड झाली होती, तरी मास्तरकी सुटली नव्हती. "आधी मी जागा सांगतो. पॉन्स, डावी बाजू, पुढची खालची कडा. सहावी आणि सातवी तिथं शेजारीशेजारी बाहेर पडतात, आणि हाताकडे निघालेले धागे त्यांच्या पुढ्यातून जातात. म्हणून डोळा डावा, तोंड डावं, हात उजवा."

"हात उजवा कसा?" मी विचारलं.

"धागे पुढं खाली जाऊन बाजू बदलतात, शिंत्रे. तुमच्याच तक्त्यात आहे."

"मी रंग भरतो सर. वाचत नाही."

बागवान डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली. एक गोल डाग होता, कडेला उजळलेला. "जागा बरोबर," ते म्हणाले. "शंभर टक्के. आता काय आहे ते सांग, खरवंड्या."

"ग्लायोमा. कॅन्सरची गाठ."

"रिपोर्टात दोन गोष्टी लिहिल्यात."

"दुसरी लिहायची पद्धत म्हणून लिहितात."

"दुसरी क्षयाची गाठ आहे. आपल्याकडे मेंदूत गोळा दिसला की आधी टीबी आठवावा लागतो. तुझ्या विलायती पुस्तकांत नसेल ते."

"तुकडा काढून बघ मग."

"तिथं सुरी घालता येत नाही म्हणून पुण्याच्या सर्जननं तुला परत पाठवलं ना? म्हणून म्हणतो, टीबीची औषधं सुरू करू. काही महिने घे. टीबी असला तर गोळा विरेल."

"आणि नसला तर?"

"नसला तर मरशील. माझ्या गोळ्यांनी त्यात काय कमीजास्त होणार आहे?"

सरांना खोकला आला. बराच वेळ टिकला. बागवान डॉक्टर खोकला थांबेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिले.

"छातीचा एक्सरे काढ. निदान तेवढं तरी."

"हा फॉर्मॅलिनचा खोकला आहे. बॉड्या ज्यात बुडवतो त्याच्या वाफेनं या विभागात सगळे खोकतात. विचार शिंत्र्यांना."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मलाच ठसका लागला. सर मोठ्यानं हसले. अर्ध्या चेहऱ्यानं.

"तुम्हा ॲनाटॉमीवाल्यांचं हेच आहे," बागवान डॉक्टर फिल्म पाकिटात घालत म्हणाले. "'कुठे' विचारा, केसाएवढी चूक नाही. 'काय' विचारलं की म्हणता, आमच्याकडे येतो तो आधीच मेलेला असतो."

"अंदाजानं औषध घेणार नाही, रशीद. मी प्रेतालासुद्धा अंदाजानं सुरी लावलेली नाही."

बागवान डॉक्टर गेल्यावर सरांनी मला बसवून घेतलं. देहदानाचा अर्ज त्यांनी आधीच भरला होता. आता त्यात भर घातली: मेंदूचा देठ वेगळा काढून म्युझियममध्ये ठेवावा. आमच्याकडे पॉन्सच्या गाठीचा नमुना नव्हता, रबराचं मॉडेल दाखवावं लागे. बरणीवरची चिठ्ठी कशी हवी तेही त्यांनी सांगितलं, अक्षर किती उंच, शाई काळी. 'पॉन्समधील ग्लायोमा.' खाली दात्याचं नाव. मी ती चिठ्ठी लिहिली, त्यांनी डावा डोळा झाकून वाचली आणि 'ग्लायोमा'ची रेघ जरा बारीक वाटते म्हणाले. मी ती ठळक केली.

मी मनात त्यांची बेरीज मांडून बघितली. कॅन्सर असला तर भरलेला वर्ग, क्लिनिकल डॉक्टरांपुढं ताठ मान, म्युझियममध्ये कायमची जागा. टीबी असला तर काय? टीबी म्हणजे जनरल वॉर्डात खाटा संपल्यावर जमिनीवर गादी टाकून पडलेल्यांचा रोग. त्यासाठी खिडकीत पोरं चढत नाहीत. टीबी झाला तर फक्त जीव वाचत होता.

चेहऱ्याचा एक तक्ता करायचा ठरलं, म्हणून मी सुट्टीच्या दिवशी सरांच्या घरी जायला लागलो. कॉलेजच्या क्वार्टर्समध्येच घर. त्यांची बायको इंदुमती वहिनी नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या. मुलगी मंजिरी आठवीत. आतल्या खोलीत मोठ्यानं पाठांतर करायची, मधेच खोकायची, परत पहिल्या ओळीपासून सुरू करायची.

एकदा मी पाणी मागायला स्वयंपाकघरात डोकावलो. वहिनी खलबत्त्यात काहीतरी कुटत होत्या.

"काय कुटताय वहिनी?"

"वेलदोडे."

"वेलदोडे पांढरे कधी झाले?"

त्यांनी बत्ता थांबवला. "भाऊजी, तुम्ही चित्रं काढा."

मी तिथंच उभा राहिलो. त्यांनी बाहेरची चाहूल घेतली आणि आवाज खाली आणला. "बागवानभाऊजींनी पिशवी आणून दिली. म्हणाले, मी दिल्या, पुढं काय करता ते मला सांगू नका. गोळ्या कुटून आमटीत जातात. कॅप्सूल फोडून कोशिंबिरीत."

ताटात बीटाची कोशिंबीर होती, भडक.

"त्या लाल कॅप्सूलनं लघवीला लाल होतं म्हणे," वहिनी म्हणाल्या. "बीटानंही तसंच होतं. म्हणून रोज बीट."

"सरांना आवडतं बीट?"

"दृष्टीसमोर चालत नाही. पण माणूस मरायला निघाला की कोशिंबिरीवरून भांडत नाही."

एवढी वर्षं मी त्या घरात चहा पीत होतो. वहिनींची किंमत मी कमी लावली होती, हे त्या दिवशी कळलं.

"टीबीच असेल असं वाटतं तुम्हांला?"

"मला काय कळतंय? पण दोन दारं आहेत. एकाच्या मागं भिंत आहे हे सगळेच सांगतात. मग दुसरं ढकलून बघायला काय जातं?"

औषध पोटात जायला लागलं. काही आठवड्यांनी सरांच्या हातात खडू जरा टिकायला लागला. तोंडातले शब्दही थोडे सुटे झाले. वहिनींनी मला दारातच सांगितलं, हातानं तोंड झाकून, मुलगी पहिली आल्यासारखं. सरांनी मात्र वर्गात सांगितलं की ही सूज उतरवण्याच्या इंजेक्शनांची किमया आहे, गाठीभोवतीची सूज कमी झाली की असं होतं, फार हुरळून जायचं नसतं. पोरांनी लिहून घेतलं.

त्यानंतरच्या सुट्टीत मी गेलो तर सर खुर्चीत सरळ बसून माझी वाट बघत होते. टेबलावर त्यांचा पांढरा रुमाल पसरलेला. मिटत नसलेला डोळा ते दिवसभर त्यानं टिपत असत.

"शिंत्रे, तुम्ही रंगाचे माणूस. हा कुठला रंग?"

रुमालावर डाग होते. मी बघत राहिलो.

"बोला की."

"नारिंगी, सर."

"इंदू," त्यांनी हाक मारली. "इकडे ये."

वहिनी हात पुसत आल्या. रुमालाकडे बघितलं आणि पदर खोचला. भांडणाची तयारी.

"बीट लघवीत उतरतं," सर म्हणाले. "डोळ्यात उतरत नाही. अश्रू नारिंगी करणारं औषध मला एकच ठाऊक आहे. कधीपासून?"

"हात हलायला लागला त्याच्या आधीपासून."

"तो सुजेचा परिणाम आहे."

"असू दे सुजेचा. हलतोय ना? मग राहू दे चालू."

"माझ्या शरीरात मला न विचारता?"

"तुमचं शरीर?" वहिनींचा आवाज चढला. "ते कॉलेजला लिहून दिलंत की! मला विचारलं होतंत? तिकडं बरणी तयार आहे, चिठ्ठी तयार आहे, नुसतं माणूस मरायचं राहिलंय. या भाऊजींनी अक्षरसुद्धा काढून ठेवलंय."

मी पेन्सिलीला टोक करायला घेतलं. टोक आधीच होतं.

सर बोलले ते वर्गातल्या आवाजात नव्हतं. "इंदू, मला आशा नको. आशा म्हणजे रोज सकाळी उठून हात हलवून बघायचा. मी मरतोय, कशानं मरतोय, कुठल्या जागी मरतोय, हे मला नेमकं ठाऊक आहे. जन्मात एकदा मी कुणाला न विचारता बरोबर आलोय. एवढं माझ्याकडे राहू दे."

"आणि चुकला असाल तर?"

"चुकलेलो नाही. आता शपथ घे, परत अन्नात काही घालणार नाहीस."

"घेते. माझ्या गळ्याची शपथ."

"तुझ्या गळ्याची नको. चतुर्थीला खिचडी खाणार नाही म्हणून तू तीच घेतेस आणि चुलीशी उभी राहून खातेस." त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवली. "मंजू!"

मंजिरी आली. बोट पुस्तकात घातलेलं.

"हिच्या डोक्यावर हात ठेव."

"हिला मधे आणू नका."

"ठेव हात."

बाहेरच्या माणसासमोर आजारी नवऱ्याला नाही म्हणणं आधीच अवघड, आणि आता मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला नकार देणं म्हणजे शपथ मोडायचा बेत आहे असं कबूल केल्यासारखं. सरांना हे माहीत होतं. वहिनींनाही माहीत होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी तक्ता होतो.

वहिनींनी हात ठेवला. "मंजूची शपथ. घालणार नाही."

हाताखाली मंजिरीला खोकला आला. थांबेना. पुस्तकातलं बोट निसटलं.

"हिला का हो इतका खोकला?" वहिनी म्हणाल्या. "ही कुठे येते तुमच्या डिसेक्शन हॉलात?"

"माझे कपडे," सर म्हणाले. "फॉर्मॅलिन कपड्यांतून घरात येतं. उद्यापासून बाहेरच्या दोरीवर टाकत जा."

त्यांनी मला डोळ्याचं चित्र पुरं करायला सांगितलं. मी केलं. आत बत्ता परत वाजला नाही.

बागवान डॉक्टर एकदा मला कॅन्टीनच्या दाराशी भेटले. मी शपथेचं सांगितलं. त्यांनी चहाचा कप तसाच ठेवला. "हिंदूंच्या शपथा मोडायला काहीतरी उपाय असतो ना? एखादं प्रायश्चित्त वगैरे?"

"मुलीच्या डोक्यावर हात ठेवल्याला नसतो."

"आमच्यातही नसतो," ते म्हणाले.

तरीही ते घरी गेले, वहिनींना दारात गाठून बोलले, परत आले. वहिनींनी त्यांना पिशवी परत केली होती, उरलेल्या गोळ्यांसकट, वर सुतळीनं बांधून.

सर दिवाळीच्या सुट्टीआधी गेले. शेवटी गिळता येत नव्हतं आणि बोलता येत नव्हतं, पण विद्यार्थी भेटायला येत तेव्हा ते डाव्या हाताच्या बोटानं आपल्या चेहऱ्यावर कुठली नस गेली ते दाखवत. पाचवी गेली त्या दिवशी त्यांनी रेवती कानडेकडून कापसाची वात गालावर फिरवून घेतली आणि 'लागत नाही' अशी मान हलवली. पोरगी रडत होती. सरांनी तिला डोळ्यानंच दटावलं.

गावाहून त्यांचे थोरले भाऊ आले. निदान अग्नी तरी द्या, म्हणाले, नाहीतर दहावं कशाचं करायचं? वहिनी म्हणाल्या, "त्यांनी शब्द दिलाय." भाऊ म्हणाले, "त्याच्या शब्दानं तुमचं काय भलं केलं?" कॉलेजची गाडी आली.

मेंदू काढल्यावर लगेच कापत नाहीत. लोण्यासारखा मऊ असतो. फॉर्मॅलिनच्या बादलीत उलटा टांगतात. पॉन्सच्या पुढून एक शीर वर जाते, तिच्याखालून दोरा ओवायचा आणि बादलीच्या काठाला बांधायचा. सगळा मेंदू त्या पुलाला लोंबकळत घट्ट होत राहतो. त्या बादलीवर सरांचं नाव होतं. सफाईवालीही तिला वळसा घालून जायची.

कापायचा दिवस ठरला तेव्हा हॉलात उभं राहायला जागा नव्हती. मी बरणी धुऊन आणली होती, चिठ्ठी खिशात. सबनीस मॅडमनी सगळ्यांना एक मिनिट उभं राहायला सांगितलं, मग लांब सुरी घेतली. बागवान डॉक्टर दाराशी उभे होते. त्यांना बोलावलं होतं की ते आपणहून आले, मला माहीत नाही.

"ग्लायोमा असला की नेमकी हद्द दिसत नाही," मॅडम पोरांना सांगत होत्या. "पॉन्स सगळाच फुगलेला दिसतो, गाठ कुठे संपते ते कळत नाही." त्यांनी देठ आडवा धरला आणि एका फटक्यात सुरी खाली आणली.

काप उघडला.

हद्द दिसत होती. डाव्या बाजूला, पुढं, खालच्या कडेला एक गोटी होती. भोवती तिचं स्वतःचं टरफल. आत पिवळट पांढरं, कोरडं, पंच्यात बांधून ठेवलेल्या चक्क्यासारखं. सुरीच्या पात्याला त्याचा कण चिकटला होता. मी डॉक्टर नाही, पण बाकीचे होते, आणि हॉलातला एकही डॉक्टर दुसऱ्याकडे बघत नव्हता.

"पॅथॉलॉजीला पाठवू या," मॅडम म्हणाल्या. "नक्की सांगता येत नाही."

"येतं," बागवान डॉक्टर म्हणाले. ते पुढं आले आणि टेबलावर वाकले. नाक अगदी कापाजवळ. "जागा बरोबर होती. मिलीमीटरचीही चूक नाही." मग सरळ झाले, चष्मा काढून पुसला. पोरांना वाटलं आता काही बोलतील. ते माझ्याकडे वळले.

"शिंत्रे, मुलगी शाळेतून किती वाजता येते?"

मला प्रश्न कळला नाही.

"मंजिरी. त्याची मुलगी. तो घरात बसून वर्षभर खोकत होता ना?"

मी चिठ्ठी खिशातच ठेवून त्यांच्या स्कूटरवर मागं बसलो.

एक्सरेत मंजिरीची दोन्ही फुप्फुसं क्षयानं भरलेली निघाली. वहिनींची छाती स्वच्छ. विभागातल्या सगळ्यांचे एक्सरे काढले, माझाही. माझा खोकला खरोखरच फॉर्मॅलिनचा होता.

औषधं सुरू झाली, तीच, आणि वर रोजचं एक इंजेक्शन. स्ट्रेप्टोमायसिन. त्या काळी तेच देत, आणि मुलगी इतकी खालावली होती की ते न देणं शक्य नव्हतं. बागवान डॉक्टर सांगत की कानावर लक्ष ठेवा. वहिनी लक्ष ठेवून होत्या. आधी मंजिरीला कानात शिट्टी वाजल्यासारखं होऊ लागलं. मग एके दिवशी ती म्हणाली, "आई, तू हल्ली इतकं हळू का बोलतेस?" वहिनी ओरडत होत्या. इंजेक्शन लगेच थांबवलं. फुप्फुसं बरी झाली. कान परत आले नाहीत, दोन्ही.

पोरगी आठवीनंतर बहिऱ्यांच्या शाळेत गेली. वहिनींनी तिच्यासमोर बसून, ओठ सावकाश हलवून बोलायची सवय केली. नंतर त्या सगळ्यांशीच तसं बोलू लागल्या. दुकानदाराशीसुद्धा. लोकांना वाटे, बाईंचं डोकं जरा कमी झालंय.

लोकांनी आणखीही पुष्कळ लावलं. कुणी म्हणे, शपथ अन्नावर घेतली ती बाधली. कुणी म्हणे, वहिनींनी चोरून परत दोनदा औषध घातलं असणार, त्याची शिक्षा. वहिनींनी घातलं नव्हतं. मी विचारलं होतं. "मंजूच्या डोक्यावर हात होता माझा," त्या म्हणाल्या होत्या. "मी तिच्यासाठीच नाही घातलं."

मी निवृत्त व्हायच्या बेतात असताना दोघी म्युझियम बघायला आल्या. मंजिरी तेव्हा एका छापखान्यात काम करत होती. बरणीवरची चिठ्ठी मी केव्हाच बदलली होती, 'पॉन्समधील क्षयाची गाठ', तितक्याच उंच अक्षरात. मंजिरीनं ती वाचली. मग बरणीच्या काचेवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं, कुठली, असं. मी दाखवली. तिनं मान डोलावली आणि पुढच्या बरणीकडे गेली. तिथं काहीतरी आतड्याचं होतं, ते तिनं जास्त वेळ बघितलं.

आता या सगळ्याच्या किमतीपोटी कुणी काय भरलं ते सांगतो. कॉलेजला नमुना मिळाला, दर परीक्षेला तो टेबलावर असतो, आणि पोरं बरणीत कुठली नस अडकली ते बरोबर सांगून मार्क घेतात. त्यांनी काही भरलं नाही. सबनीस मॅडमनी एक लेख लिहिला, त्यांनाही काही भरावं लागलं नाही. बागवान डॉक्टरांची थट्टामस्करी गेली. ॲनाटॉमीवाल्यांशी ते नंतर नुसतेच नम्रपणे बोलत, आणि ते ऐकवत नसे. सरांनी जीव दिला. तो त्यांचा होता आणि त्यांनी तो विचार करून दिला. वहिनींनी शब्द दिला आणि पाळला, तोही त्यांचाच होता. मंजिरीकडे कुणी काही मागितलं नव्हतं. तिचे कान परस्पर वळते करून घेतले.